लंगड्या शेळीची पारख

कडूबाईनं कातडं उलटंसुलटं करून पाहिलं, मग कानाशी बोट नेलं. तिनं पाडलेली खाच तिथं होती.

"आपलीच हाय," ती म्हणाली. "जा बाबा, तुझा काय दोष न्हाई."

कातडं घेऊन आलेला माणूस सुटल्यासारखा निघून गेला. घोडेगावच्या बाजारात कडूबाईचा शेळ्यांचा धंदा होता आणि गोरगरिबांना ती अर्धलीनं शेळ्या द्यायची. शेळी तिची, राखायची दुसऱ्यानं, करडं निम्मी-निम्मी. शेळी मेली तर कातडं आणून दाखवायचं, की विषय मिटला. बहात्तर सालचा दुष्काळ होता. आठवड्याला दोन-तीन कातडी येत होती.

तेवढ्यात लिंबाखाली पांढरी मोटार थांबली. उतरलेल्या माणसाच्या बुटांवर धूळ बसायच्या आत बाजारभर नाव झालं: दरंदल्यांचा राधाकृष्ण आला.

राधाकृष्ण जवळच्याच वस्तीवरचा. आता मुंबईत एका मोठ्या बचत फंडाचा साहेब. हजारो लोक फंडात थोडे थोडे पैसे टाकत, आणि ते कुठल्या कंपन्यांत गुंतवायचे हे तो ठरवी. अकरा वर्षांत फंड एकदाही तोट्यात गेला नव्हता. वर्तमानपत्रात त्याचा फोटो येई. अशा माणसाची गावाला जरा धास्तीच वाटते. कडूबाईची सून पुष्पावती पदर सावरत चहाच्या मागे लागली.

"ओळखलंस का, मावशी?"

"साळूबाईचा राधू. न वळखायला काय झालं?"

तो सुटाबुटानिशी पोत्यावरच बसला. कडूबाईला ते बरं वाटलं.

"सोमवारी एका कागदावर सही करायचीय," तो म्हणाला. "एक कापडगिरणी आहे, बंद पडलेली. फंडाचा चौथा हिस्सा तिच्यात घालतोय. सगळे नको म्हणताहेत. म्हटलं, आधी इथं येऊन जावं."

"हितं कशाला?"

"इथंच शिकलो ना मी!" तो पुष्पावतीकडे वळला. "तुम्हाला ती शेळी माहीत नसेल, वहिनी."

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. अनेक सभांत सांगितलेली असावी, इतकी घोटून तयार होती.

तेव्हा तो नगरला बोर्डिंगात शिकत होता. वडील साखर कारखान्यावर कामाला, महिन्यातून एकदा घरी येत. त्यांना पोरगं मॅट्रिकच्या पुढं शिकवायचं नव्हतं. कडूबाईनं सुचवलं, एक शेळी अर्धलीनं घ्या, पोराला निवडू द्या. वडील म्हणाले, ठीक आहे. वर्षाच्या आत जुळी करडं झाली तर मॅट्रिकनंतर कॉलेज, नाहीतर नांगर.

"तीस शेळ्यांतून मी कुठली निवडली? लंगडी! काळी, एक कान पांढरा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. अख्खा बाजार हसला. मी बोर्डिंगात परत गेलो. दिवाळीला आलो तर लंगडणं गेलेलं, अंगावर मांस चढलेलं. मला तर ओळखेच ना, शिंगं रोखून आली!" तो मोठ्यानं हसला. "माघात जुळी झाली. वडिलांनी कॉलेजसाठी ट्रंक बांधून दिली. तेव्हापासून माझं एकच धोरण. सगळ्यांनी टाकलेलं उचलायचं आणि थांबायचं."

कडूबाई पान लावत होती. तिचा चुन्याचा हात थांबला.

"तुझ्या आईनं लई खस्ता खाल्ल्या रं त्या शेळीपायी."

"आईचा हात होताच. पण नजर माझी होती."

"गिरनी नीट तपासलीस का?"

"कागद वाईटच आहेत. त्या शेळीचं तरी काय चांगलं दिसत होतं?"

"राधू," ती हळूच म्हणाली, "लंगडं जनावर मरतं बी."

"माझं नाही मेलं, मावशी."

"अन् पैसं कुनाचं?"

"मास्तर, नर्सबाया, पोस्टमन. गरीब माणसं आहेत, म्हणून तर जपतो."

कडूबाईला गलबलून आलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तेच साळूबाईचं नाक, तेच डोळे. साळूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. "तुझी आय असती तर..." ती म्हणाली आणि तिनं पान तोंडात टाकलं.

त्यानं ते आशीर्वादासारखं घेतलं. वाकून पाया पडला. निघताना म्हणाला, "मावशी, दुष्काळात शेळ्या विकून गाठीला जे काही आलं असेल, ते माझ्याकडे दे. अर्धल उलटी करू. राखायचं मी, आणि करडं सगळी तुझी."

"इचार करून सांगते."

तो आला होता त्यापेक्षा ताठ चालत मोटारीकडे गेला. धुरळा खाली बसेपर्यंत पुष्पावतीनं कळ काढली, मग तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, एवढा हुशार मानूस पायानं चालत दारात आला, अन् तुमी इचार करते म्हनता? तीस शेळ्यांत ती लंगडी दुसऱ्या कुनाला तरी दिसली असती का?"

कडूबाई सकाळच्या कातड्याची घडी घालत होती.

"ती आठव्या दिवशीच मेली," ती म्हणाली. "साळूबाई आसंच कातडं घिऊन रडत आली, पोराला कदी सांगू नगं म्हनून पाया पडली, तवा मीच पांढऱ्या कानाची दुसरी हुडकून तिच्या दारात बांधली."