हेटीच्या औषधासाठी

“फ्रिज उघडा, काका,” गुरांचा रोग पसरू नये म्हणून घातलेल्या सरकारी कुंपणाच्या नाक्यावरची तपासनीस गाओने म्हणाली.

“आत बायकोचं साखरेचं औषध आहे गं,” सारेल चेहरा पाडून म्हणाला. “झाकण उघडलं की तापतं.”

यात खोटं काहीच नव्हतं. कॅम्पर गाडीतला हा फ्रिज हेटीच्या इन्सुलिनसाठी घेतलाय, हे घरी अपिंग्टनमध्ये शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. बिचाऱ्या सारेलने त्यासाठी आठ महिने जिवाचं रान केलं. कॉम्प्रेसर कुठला, बॅटरी केवढी, छतावर सोलर किती, यावर मित्रांशी भांडणं झाली. शेवटी खिशात मावतील अशा सहा कुप्यांसाठी साठ लिटरचा फ्रिज आला. मग उरलेली जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तिथे बारा किलो मांस, सॉसेजची वेटोळी आणि बिअर गेली.

हेटीने बंपरला आजोबांच्या वेळची कॅनव्हासची पाण्याची पिशवी बांधली, तेव्हा तो पोट धरून हसला होता. “वाऱ्यावर गार होते म्हणे. म्हातारे, जग कुठे चाललंय आणि तू कुठे!”

सीमा ओलांडून बोत्स्वानात फिरायला येऊन आठ दिवस झाले होते. लेकराचा ताप बघावा तसा तो तासातासाला फोनवर फ्रिजचं तापमान बघायचा. हेटी सुई कधी घेते, याकडे बघायला त्याला सवड नव्हती.

कुंपणापलीकडे कच्चं मांस नेऊ देत नाहीत, गुरांना रोग लागतो, हे मेव्हण्याने दहादा बजावलं होतं. सारेल काय कच्च्या गुरूचा चेला होता? त्याने इन्सुलिनचा डबा सगळ्यात वर ठेवला. औषध दिसल्यावर खाली कोण उकरतंय?

गाओनेने उकरलं. मांस सगळं बाहेर आलं. मग तिने डब्यातली एक कुपी उन्हात धरली. तिच्या आईलाही हाच आजार होता.

“काकू, हे तर गोठून दगड झालंय. आता टोचू नका. वाया गेलं सगळं.”

सारेलच्या पायाखालची वाळू सरकली. परवा मांस मऊ पडलं म्हणून त्यानेच तापमान उणे बारावर नेलं होतं. दवाखाना चारशे किलोमीटरवर, आणि हेटीची सुई संध्याकाळी. मांस कुठे नेऊन टाकलं, हेही त्याने पाहिलं नाही.

“हेटी, चुकलं माझं,” तो म्हणाला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

हेटी सावकाश गाडीतून उतरली. बंपरवरच्या ओल्या पिशवीत हात घालून तिने झाकण घट्ट लावलेली एक बरणी काढली. आत कुप्या होत्या, गार आणि नितळ.

“मग फ्रिजमधल्या?”

“त्या गेल्या वर्षीच्या, मुदत संपलेल्या,” हेटी म्हणाली. “फ्रिज घ्यायला तुला माझा आजार लागत होता ना, म्हणून ठेवल्या होत्या.”