सहावी रास

सून चेऱ्या मोजते. धुताना मोजते, आणि बिया काढून झाल्या की बियाही मोजते. गपचूप, ओट्याकडे तोंड करून, नुसते ओठ हलवत. आक्कांनी हे या उन्हाळ्यात दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. चेऱ्या काय सोन्याचे मणी आहेत? सासू बिया काढता काढता चार तोंडात टाकेल, म्हणून हा पहारा? चाळीस वर्षं या घराला आपल्या हातानं खाऊ घातलं, ते काय म्हातारपणी चोर ठरण्यासाठी? ही गोष्ट कोणाला सांगायचीही लाज. सांगितली तर लोक आधी सासूच्याच तोंडाकडे बघणार.

चेरीचा रोल ही आक्कांची मिरवायची गोष्ट होती. मैद्याची पारी टेबलभर ताणायची, इतकी पातळ की खालच्या कापडावरची फुलं दिसावीत. तिच्यावर चेऱ्या पसरून चटईसारखी गुंडाळायची आणि ओव्हनमध्ये सरकवायची. बिया काढायला त्यांना कसलं यंत्र लागत नसे. अंबाड्यातली पिन काढून धुवायची आणि देठाच्या बाजूनं चेरीत खुपसायची. बी अडकली की अंगठ्याला कळतं. एक हिसका, बी बाहेर. बघायचीसुद्धा गरज नाही. गप्पा मारता मारता शंभर होतात.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांच्या भावाचा पुढचा दात रोलमधल्या बीवर तुटला. त्या दिवशी सुनेनं मदत म्हणून मूठभर चेऱ्यांच्या बिया काढल्या होत्या. "हिनं हात लावला आणि घात झाला," आक्का भरल्या टेबलावर म्हणाल्या होत्या. "डोळे काय उशाला ठेवून आलीस?" सून खाली मान घालून "चुकलं" एवढंच म्हणाली होती. यंदा आक्कांनी तिला पिनेला हात लावू दिला नव्हता, आणि यंदाच्या दोन्ही रोलांत एकही बी निघाली नव्हती. हे त्या आल्यागेल्याला सांगत. सून शेजारी असली तर जरा जास्तच सांगत.

आज भाऊ पुन्हा यायचा होता, नवा दात बसवून. आज सोक्षमोक्ष लावायचा, आक्कांनी ठरवलं. शेवटची बी निघाली तशी त्यांनी बियांची वाटी उचलून कपाटात ठेवली.

सून दारात घुटमळली. "आई, ते भांडं द्या ना. साखर मी मिसळते."

"साखर मिसळायला मला मदतनीस लागत नाही. तू बाहेर ताटल्या मांड."

"पण आई, एकदाच जरा..."

"मांड म्हटलं ना!"

सून गेली. आक्कांनी रोल गुंडाळून ओव्हनमध्ये घातला आणि अंगठ्यावरचा लाल डाग साबणानं दोनदा धुतला. गेला नाही. चेरीचा रस मोठा चिवट.

जेवणं झाली. रोलचे तुकडे सगळ्यांच्या ताटल्यांत पडले. तेव्हा आक्कांनी कपाटातली वाटी आणून टेबलाच्या मधोमध आपटली.

"सूनबाई, आज धुताना किती मोजल्यास?"

सुनेचा चेहरा उतरला. "आई, आत्ता नको ना. मी आत सांगते तुम्हाला."

"आत नाही. इथे, सगळ्यांसमोर. किती?"

"एकशे वीस."

"मोज रे," आक्का मुलाला म्हणाल्या. "वीसवीसच्या राशी कर, मला कळतील अशा."

मुलगा आधी हसला, मग आईचा चेहरा बघून मुकाट्यानं मोजायला लागला. पाच राशी पुऱ्या झाल्या. सहावी सतरावर थांबली. त्यानं वाटी उपडी केली. वाटी रिकामी होती.

"आक्का, तीन गिळल्यास होय गं?" भाऊ खो खो हसला.

"एक जरी खाल्ली असेल तर जीभ झडो माझी!" आक्कांचा आवाज फाटला. लेकासमोर, भावासमोर शपथ घ्यायची पाळी आली होती.

"मी खाल्ल्या," सून म्हणाली. "तिन्ही. धुऊन झाल्यावर."

सापडली! आक्कांनी तोंड उघडलं. पण सून त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती मामांच्या हातातल्या काट्याकडे. काटा तोंडापर्यंत पोचला होता.

"मामा, थांबा!"

तिनं त्यांच्या हातून काटा जवळजवळ हिसकावला आणि तो घास ताटलीत फोडला. टण्‌कन आवाज झाला. बी होती. न विचारता तिनं नवऱ्याची ताटली ओढली. दुसरी तिथे निघाली. तिसरी आक्कांच्या स्वतःच्या ताटलीत होती.

भावाची जीभ आपोआप नव्या दातावरून फिरली.

आक्कांनी त्या तिन्ही बिया उचलून सहाव्या राशीत ठेवल्या. ठेवताना त्यांना आपला अंगठा दिसला. डाग अजून तसाच होता. तो रसाचा नव्हताच. पिन टोचली होती, चार-पाच ठिकाणी, आणि एकही टोच त्यांना कळली नव्हती. अंगठ्याला कळतं म्हणे! यंदाच्या दोन्ही रोलांची साखर सुनेनं मिसळली होती; त्यांत बी का निघाली नाही, हे आता टेबलावर राशी घालून मांडलेलं होतं. आणि त्या मांडायला त्यांनीच सांगितल्या होत्या. आक्कांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मग त्यांनी अंबाड्यातली पिन उपसली. केस खांद्यावर सुटले. पिन त्यांनी सुनेच्या ताटलीशेजारी ठेवली.

"खोटारडी आहेस," त्या म्हणाल्या, टेबलाच्या टोकाला बसलेल्या भावालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "तुला चेरी आवडत नाही, हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा तो दात मी पाडला, तू नाही. धर ही पिन. यापुढे बिया तू काढायच्या, आणि मोजायला मी बसेन."