दोनच पानं राह्यली

मरीमायची आन, यातला शब्द न् शब्द खरा हाये! आमच्या बुढ्याजवय इतकी पुस्तकं होती का घरातल्या पाली वाचून वाचून शहान्या झाल्या, त्याइनं किडे खानं सोडलं. एक खंड तांड्यावरच्या किसनसिंगनं वाचाले नेलता. दर रविवारी बाभुळगावले येत जाय, चहा पेत जाय अन् म्हने, "भाऊ, दोनच पानं राह्यली!" बुढा म्हने, "सावकाश वाच गा." असं करता करता दोघंही म्हातारे झाले. मंग देशाच्या ग्रंथालयाचा साहेब आला. "आमचं ग्रंथालय घरोघरच्या कपाटांनीच भरलं," म्हने. बुढ्यानं सारी देल्ली. साहेब म्हने, "एक खंड कमी आहे." "राहू द्या ना!" बुढा चिडला. पन किसनसिंगनं पुस्तक आनून खोक्यात ठेवलं. "माह्यापायी देशाचं काम कायले अडवता?" पुस्तकं गेली. पुढच्या रविवारी किसनसिंग नेहमीसारखा आला, चहा पेला.

गोष्टीचे ठरलेले शंभर शब्द सरले, आता हे वरचं फुकट घ्या. पालीचं खरं हाये. तो शेवटचा रविवार मी बनवला. किसनसिंग आलाच नाई. त्याच्याजवय वाचाले पानंच नोती राह्यली. बुढा रिकाम्या कपाटाजवय बसला, दोन्ही कपांवर साय आली. मी म्हनलं, "तुमीच जा ना तांड्यावर, कोनी हाकलनार हाये काय?" त्याइनं मान हालवली. "अवं, पुस्तक मांगाले तरी गेलो असतो. आता काय मांगू?"