उजवीकडचा खिसा

वायरमनची बायको दुकानात शिरली आणि तिने पावती शिलाई मशीनवर आपटली.

“कोट झालाय ना, मास्तर? द्या.”

मास्तरने कात्री खाली ठेवली. गेले आठ महिने ही गल्ली त्याला मास्तर म्हणत होती. खरं तर तो सरकारी गुप्तहेर. देव एकच, प्रार्थनेच्या तऱ्हा दोन, एवढ्यावरून शहर उभं चिरलं गेलं होतं. या बाजूच्या कुणा डावखुऱ्याने त्या बाजूची पाच माणसं टिपली होती. त्याला हुडकायला खात्याने शिंपी धाडला. कोटाचा आतला खिसा उजवीकडे कोण मागणार? डावखुराच! वायरमनने तसा मागितला, आणि हे दीडशहाणे मास्तर स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले की त्याच संध्याकाळी नाव कळवून मोकळे. त्याला एकदा सही करायला लावावी, एवढंही सुचलं नाही. परवा सकाळी वायरमन खांबावरून उतरत असताना खात्याच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. काल पलीकडे सहावा माणूस पडला, तेव्हा मास्तर मनाशी म्हणाला, दुसरा कुणी असेल.

तिने कोट उलटा करून आत हात घातला.

“खिसा उजवीकडेच केलात. बरं केलंत. डावीकडे छातीत मशीन बसवलेलं ना, पाकीट टोचायचं त्यांना.” ती रडत रडत हसली. “सगळी कामं उजव्या हाताने. या खिशातून पाकीट काढताना काय तारांबळ उडाली असती!”

“मशीन?”

“हृदयाचं. बोलले नाहीत ना? लाजायचे सांगायला.”



“तुमची अंगकाठी त्यांच्यासारखीच आहे,” ती म्हणाली. “घाला बघू. कसे दिसले असते, एकदा बघू दे मला.”

“नको, वहिनी.”

“घाला म्हणते ना!”

त्याने कोट घातला. तिने खालून एकेक बटण लावलं. शेवटचं लावलं आणि तिने दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवलं.

“काय घोडं मारलं होतं रे त्यांनी तुमचं? पलीकडच्या घरांतसुद्धा दिवे लावून द्यायचा माणूस! लपून काय मारता? या ना समोर! तोंड दाखवा!”

त्याला भयंकर संताप आला. खात्याचा आला, त्या खिशाचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.  पण तो नुसता हलत राहिला.

दमून तिने हात सोडले. चुरगळलेली कॉलर तळव्याने सारखी केली.

“माफ करा हं, मास्तर,” ती म्हणाली. “राग कुणावरचा, काढला कुणावर.”