ड्रायवरच्या हाताचा डबा

भंगारवाल्या मुबारकभाईनं दोन ट्रान्सफर केस गेनू शेलारापुढं मांडले. गेनूच्या जुन्या पिकअपची पुढची चाकं ओढीनाशी झाली होती. चारी चाकांना जोर वाटून देणारा हा डबा बदलल्याबिगर पावसाळ्यात वाडीचं दूध चिखलातनं खाली उतरणार नव्हतं.

"हा बिडाचा. आत नुसती गिअरं, निव्वळ हत्ती," मुबारकभाई म्हणाला. "दुसरा चेनचा, नाजूक हाय. पण दोन्ही तुमच्या गाडीला बसतील."

"मग हत्तीच द्या." गेनूनं डब्यावरचा गिअर टाकायचा दांडा धरून कच्चकन ओढला. दांडा बसला तसा गडी खूश झाला. आयुष्यभर असलाच दांडा ओढत तो घाट चढला होता.

"मला बघू द्या की," त्याची बायको हौसा म्हणाली. पदर खोचून तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, पण दांडा जागचा हलला नाही.

"हुईल सवय," गेनू पुटपुटला.

"आन् तवर स्टेअरिंग कोण धरंल? म्हशी?"

मुबारकभाई खो-खो हसला. गेनूनं मात्र डोकं खाजवलं. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणून डॉक्टरनं गेल्याच महिन्यात त्याची ड्रायवरकी बंद केली होती. यंदा गाडी हौसा हाकणार होती, आणि हा शहाणा सकाळपासनं आपल्याच हाताला बसंल असा डबा शोधत होता.

त्यानं चेनचा डबा तिच्याकडं सरकवला. तिनं एका हातानं दांडा ओढला. लोण्यात सुरी जावी तसा तो बसला.

"हाच पक्का करू का?" मुबारकभाईनं गेनूला विचारलं.

"मला काय इचारताय? ड्रायवरला इचारा," म्हणत गेनू पिकअपकडं गेला आणि डाव्या बाजूनं चढून ऐटीत बसला.