विश्वाच्या सिद्धतेचे दोन गुण कापले

सही केली असती, तर निवृत्त गणितशिक्षिका वसुधाबाई टिकेकर आयत्या अमर झाल्या असत्या. विश्व का आहे, याची सिद्धता यंत्राने तीस वर्षं खपून लिहिली होती. पण माणसाने वाचून सही केल्याशिवाय यंत्राचं काहीही ग्राह्य धरायचं नाही, असा कायदा होता. शेवटचा भाग बाईंच्या वाट्याला आला होता.

"बाई, करा सही," संस्थेचे संचालक हेमंत कारखानीस म्हणाले. ते बाईंचेच विद्यार्थी, आणि सोमवारी निवृत्त होणार होते. "बाहेर पेढे तयार आहेत."

"वाट की पेढे. मी कुठे अडवलंय?" बाईंनी लाल पेन उघडलं. "शून्य अस्थिर असतं म्हणून विश्व झालं, इथवर चोख. पण अस्थिर व्हायलाही नियम लागतो. तो शून्यात कुठून आला?"

"ते गृहीत आहे."

"जे सिद्ध करायचं तेच गृहीत! नववीत तुझेही दोन गुण कापले होते, हेमंता."

"म्हणजे विज्ञानाला हे जमणारच नाही?"

"असं कोण म्हणालं? एवढ्या मोठ्या प्रश्नातली एकच ओळ उरलीय. पुन्हा बसवा यंत्राला, लागू देत आणखी तीस वर्षं."

हेमंतने ते पान तीनदा वाचलं, आणि बाईंच्या शेऱ्याखाली 'मान्य' लिहून सही केली.

यंत्राचे दोन गुण गेले, बाईंचं अमरत्व गेलं. सगळ्यात जास्त किंमत मोजली ती हेमंतने. आणखी तीस वर्षं त्याच्यापाशी नव्हती.