साहेबांचा चष्मा

राजकारण सोडून नट झालेल्या माजी मंत्र्यांचा फ्रेंच सिनेमा काजलनं नागपुरातल्या बेसाच्या घरी टीव्हीवर लावून दिला आणि ती कामावर गेली. भाषा कळत नव्हती, तरी तिचे आईबाप साहेबांसाठी डोळे लावून बसले.

सिनेमात साहेब डॉक्टर होते. एका घरी जवान मुलाची मयत झाली. साहेब आत आले, चष्मा काढून मुलाच्या बापाच्या हाती दिला आणि ढसाढसा रडले.

सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पाहून राहिले ना जी? आपल्या साहिलच्या मयतीलेबी असेच रडले होते. अजून इसरले नाही त्याले."

"हो," महादेवराव म्हणाले. पूल पडून त्यांचा मुलगा साहिल गेला, तेव्हा मंत्री असलेल्या साहेबांचा चष्मा महादेवरावांच्याच हातात होता. ते रडणं पाहूनच त्यांनी पुलाची तक्रार मागे घेतली होती.

सिनेमा पुढे गेला. दुसरं घर, दुसरी मयत. साहेबांचा हात चष्म्याकडे गेला.

महादेवरावांनी रिमोट दाबला. पडदा काळा झाला.

"काहून जी, काय झालं?"

"लाइन गेली वाटते."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. सुभद्राबाईंनी वर पाहिलं नाही.